थोरले जावई तोरण्यावर

माझ्या साडूचा, प्रशांतचा, मला अजिबात हेवा वाटत नाही. त्याची गाडी, त्याचं सपाट पोट, ते नारंगी बूट, यांच्यावर मी फक्त बारीक लक्ष ठेवून असतो, एवढंच!

आमची सासरवाडी पासली. मी उत्रोलीचा, भातशेतीवाला, थोरला जावई. प्रशांत धाकटा, पुण्याचा, सुट्टी आली की गड चढणारा. कुणी भेटलं की सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "हे आमचे प्रशांतराव, लई गड चढत्यात!" मग माझ्याकडं बोट करून, "आन् हे सुनीचे मालक." बस्स! एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून चारचौघांत 'आमचे थोरले जावई' ऐकायचं होतं मला.

यंदा अधिक महिन्यात दोघांनाही धोंडे खायला बोलावणं आलं. प्रशांतनं एकच धोंडा खाल्ला. "दुपारून आईंना घेऊन तोरण्यावर जायचंय ना, पोट हलकं हवं." सासूबाईंना गडावरच्या मेंगाईची ओटी भरायची होती आणि रात्री देवळातच मुक्काम होता. झालं, माझ्या पोटात आग पडली! ती विझवायला मी वाटीवाटीनं तूप ओतून धोंडे हाणले (आगीत तूप ओतू नये, हे तेव्हा सुचलं नाही) आणि जाहीर केलं, "आमी बी येणार!"

"अवो, तुमी जन्मात गड चढला न्हाई," सुनी कुजबुजली.

"आमच्या भागातला डोंगर हाय तो! मला शिकवू नगंस."

गडाच्या पायथ्याला, वेल्ह्यात गाडीतून उतरताच प्रशांतनं सामान उचललं. "द्या हिकडं, तुमा शेरातल्या माणसांना सवय न्हाई," म्हणत पांघरुणांचं गाठोडं मी हिसकावलं. पहिल्याच चढाला पोटातले धोंडे एकमेकांशी भांडायला लागले. सासूबाई पदर खोचून कधीच पुढं गेल्या होत्या. "दादा, पाणी घ्या. दादा, जरा बसा." प्रशांत इतका गोड वागत होता की जीव जळत होता. अहो, माणसानं वैर तरी नीट करावं!

लोखंडी कठडे धरून चढायचं तिथं मी त्याला मागं टाकायचंच ठरवलं. धावलो! दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. एका हातात कठडा, दुसऱ्यात गाठोडं, आणि तोंडातून "आई मेंगाई!"

"नवस बोलताय का?" सासूबाईंनी वरून विचारलं.

"न्हाई, मरतोय!"

प्रशांतनं ओढत देवळापर्यंत नेलं आणि देवीच्या दिव्याचं तेल माझ्या पोटऱ्यांना चोळलं. "हात किती हलका हाय प्रशांतरावांचा!" सासूबाई म्हणाल्या. हात माझ्याच पायावर होता, तरी माझा जळफळाट थांबेना.

सकाळी पाय वाकेनात. बसत, घसरत गड उतरलो आणि पायथ्याला प्रशांतनं मला सरळ पाठुंगळी घेतलं. वेल्ह्यात नेमकी एसटी लागलेली, सगळी ओळखीपाळखीची माणसं उतरत होती. सासूबाईंच्या चुलत नणंदेनं विचारलं, "अगं बया! कुणाला गं उचलून आणलं?"

सासूबाईंनी पदर सावरला आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे आमचे थोरले जावई!"

ऊर असा भरून आला म्हणता! झटकन दोन्ही हात जोडून मी सगळ्यांना नमस्कार केला, धरायला हात उरला नाही, आणि भर रस्त्यात धाकट्या जावयाच्या पायांवर आडवा पडलो!