चुकल्यावर परत यायचं बटण

मृत्यू हा एकच प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर साऱ्या मानवजातीला ठाऊक असतं आणि तरीही कुणी हात वर करत नाही. हे थोर वाक्य मला सुचतं तेव्हा दुपारचे अडीच वाजलेत, मी बनियनवर आरामखुर्चीत आहे आणि कढी-खिचडी मला खाली खाली ओढते आहे. वाक्य लिहून ठेवायला हवं. पण वही टेबलावर आणि टेबल चार पावलांवर. मराठी साहित्याचं असं बरंच नुकसान कढीने केलेलं आहे.

पोटावर उशी, उशीवर लॅपटॉप. त्यात आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाची प्रश्नमंजूषा. रविवारी ती मला घ्यायची आहे. पडद्यावर प्रश्न, खाली चार चौकोन. बरोबर चौकोनावर टिचकी मारली की ‘शाब्बास’चं पान उघडतं, चुकीच्यावर मारली की गाढव. गाढव माझं. बाकी सगळी पद्धत अच्युत केळशीकरची. भूगोलाचा मास्तर, माझा चाळीस वर्षांचा मित्र. दरसाल प्रश्नमंजूषा तोच घ्यायचा. गेल्या श्रावणात गेला.

जाण्याआधी पाच महिने तो माझ्याशी बोलत नव्हता. त्याचं असं झालं, की त्याने कळसूबाईच्या चौकोनाला चुकून ‘चूक’चं पान जोडलं. राज्यातलं सर्वांत उंच शिखर भर सभेत चूक ठरलं. मी उठून म्हणालो, “मास्तर, कळसूबाई खचली कधी?” सभागृह लोटपोट. तिथेच थांबायला हवं होतं. मी त्यावर लेख लिहिला.

डोळे जड होतात. पडद्यावरचं गाढव एक कान हलवतं.

“सरक जरा,” अच्युत म्हणतो.

तो खुर्चीच्या हातावर बसलाय. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोटांना खडू. मला आश्चर्य वाटत नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळतं.

“तू गेलायस ना?”

“म्हणून काय बघायचं नाही? दामू, ही अक्षरं आहेत की मुंग्या? पुढच्या दोन्ही रांगा मोतीबिंदूवाल्यांच्या असतात.”

“मोठी करतो.”

“आणि हे गाढव?”

“लोक हसतात रे.”

“एक जण सोडून,” अच्युत म्हणतो.

आम्ही एसटी स्टँडवर उभे आहोत. चार फलाट, चार गाड्या, पाट्यांवर अ, ब, क, ड. कर्ण्यातून घोषणा होते: केळशीकर मास्तर रागावून गेले का? अ, हो. ब, फार. क, फारच. ड, वरीलपैकी सर्व.

मी ‘ड’च्या गाडीत चढतो. गाडी सुटते आणि लगेच थांबते. बाहेर सगळं पांढरं, कागदासारखं. मधोमध गाढव उभं आहे आणि काही नसलेलं चरतं आहे.

“परतीची गाडी कधी?”

“नाही,” शेजारच्या सीटवरून अच्युत म्हणतो. “तू लावलीच नाहीस. चुकीच्या पानावर आलेल्या माणसाने करायचं काय? बसायचं गाढवाकडे बघत?”

“मी वर्षभर तेच करतोय.”

तो खिडकीबाहेर बघतो.

“रागावलो होतो,” तो म्हणतो. “आठवडाभर. मग एकदा दाढी करताना एकदम आठवलं, कळसूबाई खचली! असा हसलो की गाल कापला. तसाच तुला सांगायला निघालो, तर मला बघून तू न्हाव्याच्या दुकानात शिरलास.”

“मला वाटलं, तू भांडायला येतोयस.”

“टकला माणूस, एका महिन्यात चारदा न्हाव्याकडे! मला कळत नाही होय?”

“मग हाक मारायचीस.”

“तू मारायचीस.”

“चुकलं माझं, अच्युत.”

“हां,” तो म्हणतो, “एवढंच पाहिजे होतं.” आणि तो फळ्याशी उभा आहे, मी पहिल्या बाकावर, गुडघे बाकात अडकलेले. खालच्या कोपऱ्यात तो खडूने डावीकडे वळलेला बाण काढतो. “याला मागचा प्रश्न जोडायचा. चुकला, परत आला, पुन्हा विचार केला. माझ्या वर्गात कुणाला चुकीवर बसवून ठेवलं नाही मी. लाव बोट.”

“मला जमत नाही रे हे.”

“लाव.”

मी लावतो.

चार वाजलेत. छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. लॅपटॉप मांडीवर घसरलाय, हे एक कारण असू शकेल, सगळं नव्हे.

पडद्यावर गाढवाचं पान, आणि खालच्या कोपऱ्यात डावीकडे वळलेला एक बाण. थोडा वाकडा. मी टिचकी मारतो. प्रश्न येतो. गाढव. बाण. प्रश्न. मी सातदा जाऊन सातदा परत येतो. डोळे पुसायला चष्मा काढू जातो, तर तो टेबलावर आहे, चार पावलांवर.

मी लेखकाला शोभेल असं काहीतरी गंभीर बोलायला तोंड उघडतो.

“अहो, जागे आहात ना?” दारातून सुलभा म्हणते. “मग त्या लॅपटॉपची पिन काढा जरा, मला इस्त्री लावायचीय.”