भिंतीवर चढलेला बैल

समस्त भाऊबंद, पाहुणेरावळे आणि कंपनीतल्या तिन्ही शिफ्टच्या सहकाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मागच्या पावसाळ्यात चाकणजवळच्या आमच्या घरात एक बैल भिंतीवर चढला. त्याला चढवणारा इसम मीच.

झालं असं, की अर्धांगवायूच्या झटक्यातून वडील उठले, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. आणि आमच्याकडे भादव्यातल्या पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायचा मान घरातल्या कर्त्याचा. या वर्षी कुंचला माझ्या हाती द्यावा लागणार, या विचारानं त्यांनी बोलणंच टाकलं. थेरगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाबायला दिलेला चेंडू त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला.

माझी मुलगी ॲनिमेशन शिकते. तिनं टॅबवर आमचाच बैल काढला, अगदी वशिंडासकट, आणि आजोबांपुढे धरला. "आबा, शिंगं तेवढी राहिलीत. बोटानं रंगवा."

"पोराटकी हाय ही," म्हणत आबांनी उजव्या हाताचं बोट फिरवलं. शिंग लाल झालं. पिवळा घ्यायच्या आधी मात्र त्यांनी बोट धोतराला पुसलं, निरखून बघितलं आणि मला म्हणाले, "रॉकेलचा बोळा आण. रंगात रंग मिसळाय नको."

मी कोरडाच बोळा दिला. त्यांनी तो उजव्या मुठीत दाबदाबून बोटं एकेक करून चोळून काढली. बाईंनी सांगितलेला व्यायाम तो हाच.

मग मी बाईंना विचारून टॅब भिंतीवर टांगला. आबा रोज त्यावर शिंगं रंगवू लागले, आणि मी दर रविवारी खिळा चार बोटं वर सरकवू लागलो.

"बैल वाढतोय का रं?" आबांनी एकदा संशयानं विचारलं.

"खुराक चांगला हाय, आबा."

"खुराक तुझाबी चांगलाच हाय. पण तू आडवा वाढलास."

पोळ्याला अंगणात खरा बैल उभा राहिला. आबांनी कुंचला बुडवला. सगळी आळी पुढे सरकली. हात छातीपर्यंत आला, थांबला, आणि मग खांद्याच्या वर जाऊन शिंगाच्या टोकाला टेकला. थोडा रंग बैलाच्या कपाळावर ओघळला, पण टोक लालभडक झालं. मी उगाच दुसरीकडे बघत नाक पुसलं.

आई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. झटका आल्यापासून ती आबांना रोज दोन्ही वेळा घास भरवत होती. ती शिंगाकडे बघतच राहिली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलून गेली,

"हात शिंगाला पोचतोय, अन् तोंडाला पोचत न्हाई व्हय?"