चिखलातला रणगाडा

माझे वडील गेल्या वर्षी साताऱ्याला वारले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये ते चालक म्हणून भरती झाले आणि रिसालदार होऊन निवृत्त झाले. त्यांची आठवण आली की मला मात्र परदेशातला, बुकित बातोकमधला आमचा फ्लॅटच दिसतो. ते इथे जेमतेम तीन महिने राहिले होते, तरीही.

माझा मुलगा तेव्हा नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, करत होता. इथल्या मुलांना ती दोन वर्षं चुकत नाहीत. मी किती वेळा बोलावलं तरी "तिथे येऊन मी काय करू?" म्हणणाऱ्या आबांनी, नातवाला चिलखती गाडीचा चालक नेमल्याचं कळल्यावर स्वतः फोन केला. "तिकीट काढ," एवढंच म्हणाले.

पण आजोबा-नातवाचं बोलणं जमेना. मुलाला मराठी थोडंफार कळायचं, तोंडातून मात्र इंग्रजीच यायचं. आबांचं इंग्रजी क्लच, ट्रॅक आणि फायरच्या पुढे जात नव्हतं. मग मी मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगायची. शनिवारी सकाळी दोघं टीव्हीसमोर बसत. पडद्यावर दूरदेशीची लढाई चाललेली असे. एखादा ड्रोन भिरभिरत यायचा आणि रणगाड्यावर आदळायचा.

"टँक फिनिश्ड ऑलरेडी, ला," मुलगा इथल्या ढंगात म्हणायचा.

आबा चिडायचे नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "पण हा उघड्यावर कशाला थांबला? डाव्या हाताला झाडी आहे की. आणि याचं पायदळ कुठंय? पायदळ सुटलं की रणगाडा आंधळा होतो, सांग त्याला."

मी सांगायची. मग मुलगा म्हणायचा की झाडीत लपलं तरी इंजिनाची ऊब ड्रोनला दिसते. "ऊब दिसते?" आबा त्याच्याकडे बघतच राहायचे आणि मला म्हणायचे, "विचार, कशी दिसते." वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकायचे.

एका शुक्रवारी मुलगा सरावावरून आला तो गप्पच. बूट दाराशी टाकले, खोलीत गेला, जेवलाही नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा "नथिंग" ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्याला इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये नेलं आणि मलाही बरोबर घेतलं. इथली घट्ट, गोड कॉफी, इथल्या भाषेत 'कोपी', त्यांना फार आवडायची. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "गाडी रुतवलीस ना?"

मुलगा दचकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुणाला काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

"बुटांवरचा चिखल बघितला मी. नुसतं चालून एवढा लागत नाही. उतरून खणलंस तू."

मग त्याने सगळं सांगितलं. ओढ्याकाठी गाडी रुतली, मागची अख्खी रांग थांबली आणि समोरच्या गटाच्या ड्रोनने त्यांना पाच मिनिटांत टिपलं. पंचांनी सगळ्यांना 'मेलेले' ठरवलं. त्याच्यामुळे.

"रुतल्यावर रेस दिलीस?"

"येस."

"मीपण दिली होती," आबा म्हणाले. "तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा होतो. तुमचा सराव होता. आमची लढाई होती."

लढाईतलं त्यांनी घरी कधी काही सांगितलं नव्हतं. कपावरची नजर न हलवता ते आता बोलू लागले. कालव्याच्या काठावर त्यांचा रणगाडा चिखलात बसला. घाबरून त्यांनी रेस दिली तसा तो आणखी खाली गेला. मग ट्रॅकच्या पट्ट्याखाली ओंडका बांधला. चालकाला आतून पुढचं फारसं दिसत नाही, म्हणून त्यांचा गनर खाली उतरून समोर उभा राहिला आणि हातांनी खुणा करू लागला. डावीकडे घे, हळू, अजून थोडं. रणगाडा बाहेर निघाला. तेवढ्यात तोफगोळा पडला.

"त्याचा हात वर होता," आबा म्हणाले. "मग दिसला नाही."

ते थांबले. आता मी इंग्रजीत सांगायचं होतं. मी "हिज हँड..." म्हणून सुरुवात केली.

"आई, राहू दे. मला कळलं," मुलगा मराठीत म्हणाला. मग आबांकडे वळला. "आबा, ती तुमची चूक नव्हती."

"निम्मी होती," आबा म्हणाले. "मी आधी उतरून जमीन बघायला हवी होती. तू बघत जा. टाचेने दाबून बघायची. बाकीची निम्मी लढाईची."

त्यानंतर माझं दुभाष्याचं काम हळूहळू सुटलं. आबा साताऱ्याला परतले तरी शनिवारी फोन असायचाच. मुलगा मोडकंतोडकं मराठी बोलायचा आणि मी ओट्याशी भाजी चिरत ऐकायची. पुढच्या मोठ्या सरावानंतर त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"आबा, मी उतरून बघितलं. टाच आत गेली."

"मग?"

"मग दुसरीकडून नेली. रांग थांबली नाही."

पलीकडून आबांचा आवाज आला. "शाब्बास, चालक साहेब."

मुलगा मान खाली घालून हसत होता. त्या दिवशी जेवण थंड झालं तरी मी त्याला हाक मारली नाही.