तात्या तांबटांची तिसरी खेप

“सिस्टर, हे परत आले?” डॉक्टरसाहेबांनी दारातूनच विचारलं.

तात्या तांबट खाटेवर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की धाप लागायची. पायावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं. म्हणून औषधाचे थेंब आणि अळणी जेवण, एवढाच तेव्हा आमचा उपाय. दवाखान्यात आठ-दहा दिवसांत सूज उतरायची. तात्या हसतखेळत तांबट आळीत परत जायचे आणि पंधरवडा सरायच्या आत टांग्यातून पुन्हा हजर. ही तिसरी खेप होती.

“मीठ खाताय तुम्ही,” साहेब कडाडले. “पथ्य पाळायचं नसेल तर पुढच्या वेळी खाट मिळणार नाही. आणि तुमच्या हृदयाला पुढची वेळ झेपेल, असंही समजू नका.”

तात्यांनी मान खाली घातली. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचे, काकूंचे, डोळे भरून आले. “देवाशपथ सांगते साहेब, यांच्या ताटात मिठाचा खडा पडलेला नाही.”

साहेबांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही नाही.

दुसऱ्या दिवशी काकू आमटीचा डबा घेऊन थेट माझ्यासमोर उभ्या. “घरी करते तश्शीच केलीय. चाखा, आणि मग मला खोटी ठरवा.”

मी चमचाभर घेतली. झकास होती. आणि चांगली खारट होती.

“अहो काकू, हिच्यात मीठ आहे!”

“मीठ कुठलं? सैंधव आहे ते. उपासाला चालतं, मग पथ्याला का नाही चालणार?”

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. एकादशीची भगर मीही सैंधव घालूनच खात होते. दर खेपेला ‘मीठ बंद’ म्हणून बजावलं, पण सैंधवही मीठच, हे सांगायचं काही सुचलं नाही. या बाईंनी तर नवऱ्याचं पथ्य व्रतासारखं पाळलं होतं. फार आवडल्या मला त्या.

साहेबांना सांगितलं. ते स्वतः खाटेपाशी आले. मग काकूंना म्हणाले, “चूक आमची झाली. आता सैंधवही बंद.”

त्यानंतर तात्या वर्षभर तरी भरती झाले नाहीत. बाजारात भेटले की कुरकुरायचे, “सिस्टर, तुमच्यापायी आमच्या हिच्या आमटीची चव गेली. आणि ही वेडी माझ्याबरोबर तीच खाते!”

पुढे नोकरी संपेपर्यंत ‘मीठ बंद’ एवढंच सांगून मी कुणाला घरी सोडलं नाही. आधी घरच्या बाईला विचारायचे, “तुमच्याकडे उपासाला काय चालतं?”