तिरप्या उजेडातली कुपी

काशी तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत काचा धुवायची. नळाच्या पाण्याने तीनदा, यंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्याने तीनदा, आणि मग प्रत्येक चंबू जाळीवर उपडा. आठ वर्षांत तिच्या हातून चार चंबू फुटले होते, आणि चारही तिला आठवत होते.

मोरीवर पश्चिमेची खिडकी होती. चार वाजून गेले की तिथून ऊन आत यायचं आणि जाळीवरच्या शंभर-दीडशे काचा एकदम उजळायच्या. त्या वेळी काशीचे हात थांबायचे. कोणी हाक मारली तरी तिला ऐकू यायची नाही.

"गेली बया पाण्यात," विमलबाई म्हणायची. विमलबाई झाडलोट करायची. ती साताऱ्याकडची, खाडीचं पाणी तिला कधी मानवलं नव्हतं.

काशी खरंच पाण्यात जायची. तिला मिठागर दिसायचं. वीतभर पाण्याचे चौकोनी वाफे, एकापुढे एक, आणि त्यांत आभाळ. तिचा बा, सिताराम, बांधावर उकिडवा बसलेला. मीठ धरलं की नाही हे तो कधी उभ्याने पाहत नसे. ऊन कलतं झालं की तो गाल बांधाला टेकेल इतका वाकायचा आणि पाण्यावरून आडवी नजर टाकायचा. सात वर्षांच्या काशीलाही तो शेजारी बसवायचा.

"उभ्यानं बगशील त पानीच दिसंल, पोरी. बसून बग."

ती बसून बघायची. आणि मग जिथे काहीच नव्हतं तिथे सायीसारखा एक पातळ थर चमकून जायचा.

नवं शहर आलं, मिठागरावर भराव पडला, बा त्याआधीच गेला होता. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती काशीच्या वाट्याला आली. वाफ्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एकीत, तिसऱ्या मजल्यावर, सुचित्रा राहायची.

सुचित्रा त्याच प्रयोगशाळेत संशोधन करत होती. वय सत्तावीस, दादरहून वाशीला नुकतीच आलेली. एकदा तिने तक्रार केली, "काशीबाई, आमच्या भिंतीला सारखं पांढरं फुलतं हो. दोनदा रंग दिला."

"रंग नका देऊ, ताई. तो माजा बा हाय. बगाला येतो, तुमी कशा ऱ्हाताव ते."

दोघी खूप हसल्या. पण त्यानंतर सुचित्राने भिंतीला रंग दिला नाही.

सुचित्राजवळ एका बंद उबदार कपाटात, चपट्या बाटलीत, माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जगत होत्या. दीड वर्ष तिने त्या सांभाळल्या होत्या. रविवारीसुद्धा ती त्यांना पाहून जायची. काशीने एकदा विचारलं की त्या खातात काय.

"खाणं तर देतेच," सुचित्रा म्हणाली. "पण तेवढ्यावर त्या जगत नाहीत. शरीरात एक पेशी दुसरीला निरोप पाठवते, की वाढ, मी आहे. तो निरोप म्हणजे एक प्रथिन. इंटरल्यूकिन-दोन म्हणतात त्याला. तो आला नाही तर या पेशी दोन-तीन दिवसांत मरतात."

"खायला-प्यायला असून?"

"असून."

काशीला ते पटलं. माणसांचंही तसंच असतं, एवढंच ती म्हणाली.

आजवर हा निरोप सुचित्रा रक्तपेढीतून आणलेल्या रक्तापासून स्वतःच काढायची. तो गढूळ, पातळ आणि दर वेळी वेगळा असे. आता परदेशात तो बनवण्याची कृती जंतूंच्या आत घालत होते आणि जंतू तो शुद्ध बनवून देत होते. तसल्या निरोपाची एक कुपी मागवली होती. परवाने, सह्या, पुन्हा परवाने, यांत आठ महिने गेले.

"मानसाचा निरोप जंतूकडून लिवून घेतला?" काशीने विचारलं. "आनि त्यानं चूक नाय केली?"

"तेच तर बघायचंय."

कुपी आली ती सोमवारी, नऊ फेब्रुवारी १९८७ रोजी, सकाळी सव्वाअकराला. खोक्यातला बर्फ केव्हाच वितळला होता. माहितीचा कागद भिजून त्याचा लगदा झाला होता. वाटाण्याएवढ्या जाडीच्या रबरी बुचाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी अशी ती कुपी प्रमुखांनी, म्हणजे डॉक्टर नंदकुमारांनी, दिव्यासमोर धरली. उलटी केली. हलवली. आत काहीच हललं नाही.

"गळलं सगळं," ते म्हणाले. "बूच सैल झालं असणार. रिकामी आहे."

सुचित्रानेही दिव्यासमोर धरली. आजवर तिने हे प्रथिन पातळच पाहिलं होतं. तिलाही काही दिसलं नाही. तिच्याकडचा जुना निरोप शनिवारीच संपला होता, आणि नवा काढायला तीन आठवडे लागणार होते. पेशींपाशी तेवढा वेळ नव्हता. ती जाऊन आपल्या टेबलाशी बसली.

डॉक्टरांनी तक्रारीचं पत्र लिहायला सांगितलं आणि कुपी धुण्याच्या ट्रेमध्ये ठेवली. परदेशी काच तिथे कोणी टाकत नसे. औषधांच्या बाटल्या, कुप्या, बुचंसुद्धा धुऊन वर्षानुवर्षं वापरली जात. ट्रेमध्ये आलेली प्रत्येक वस्तू पाचच्या आत धुऊन निघाली पाहिजे, असा नियमच होता, आणि काशीने तो कधी मोडला नव्हता.

ट्रे मोरीवर आला तेव्हा चार वाजत आले होते. काशीने सगळ्या काचा धुऊन काढल्या. शेवटी ती कुपी उरली. तिने बुचावरची पत्र्याची टोपी काढायला पक्कड उचलली. तेवढ्यात ऊन आत आलं.

हात थांबले. वाफ्यांत आभाळ उतरलं. कुठूनतरी मिठाचा ओला वास आला, जो तुर्भ्याला येणं शक्य नव्हतं. बांधावरून कोणीतरी म्हणालं, बसून बग.

काशी मोरीपाशी उकिडवी बसली. कुपी तिने ओट्याच्या कडेला ठेवली, डोळा काचेच्या तळाच्या रेषेत आणला आणि उन्हाकडे आडवी नजर टाकली.

तळाशी, कडेला लागून, सायीसारखं काहीतरी चमकून गेलं.

तिने कुपी किंचित फिरवली. गेलं. परत फिरवली. आलं.

पक्कड मोरीतच राहिली. काशी ओल्या हातांनी सुचित्राच्या टेबलाशी गेली. डॉक्टर तिथेच उभे होते.

"मी नाय धुतली," काशी म्हणाली. "मीठ धरलंय तिच्यात."

"काय धरलंय?"

"मीठ. म्हंजे मीठ नसंल. पन सुकलंय आनि धरलंय. गळलं असतं त असं धरलं नसतं."

डॉक्टर हसले. "काशीबाई, आता आम्हाला तुम्ही शिकवणार?"

"मी कसली शिकवतंय, सर. तुमी उभ्यानं बगितलंत, एवडाच."

सुचित्रा उठली. मोरीपाशी येऊन, साडी सावरत, ती काशीच्या शेजारी उकिडवी बसली. बराच वेळ तिला काही दिसेना. काशीने तिच्या हनुवटीला बोट लावून मान थोडी खाली केली.

"अगं बाई," सुचित्रा हळूच म्हणाली.

मग डॉक्टरही गुडघे धरत खाली बसले. तिघं जणं मोरीच्या कडेला ओळीने बसलेली पाहून विमलबाई झाडू घेऊन दारातच थबकली. "सत्यनारायण हाय का काय?" तिने विचारलं.

"सुकवून पाठवलंय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "किंवा नुसता मळ असेल. धरूनच चालायला नको."

सुचित्राने बूच न काढता, सुईने, निर्जंतुक पाणी आत सोडलं. थर विरघळला, पाणी पाण्यासारखंच दिसलं. त्यातलं थोडं तिने पेशींना दिलं आणि उबदार कपाटाचं दार लावलं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. काशीने बारा-बारा डझन काचा धुतल्या. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं का, असं तिला एकदा वाटलं. पण ती सायीची चमक डोळ्यांपुढून हलेना, म्हणून ते वाटणंही टिकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, वाफेने काचा निर्जंतुक करणाऱ्या भांड्याच्या उबेत तिला डुलकी लागली. स्वप्नात बा वाफ्यापलीकडून काही सांगत होता. शब्द पाण्यावरून येत होते आणि अर्ध्यातच पांढरे होऊन बसत होते.

गुरुवारी दहा वाजता सुचित्राने तिला बोलावलं. तिने सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल काशीकडे सरकवलं. काशीने पदराला हात पुसले आणि डोळा लावला.

आधी नुसता उजेड दिसला. मग त्यात गोल, लख्ख कण दिसू लागले. कुठे दोन, कुठे चार, आणि मधोमध दाटीने धरलेले घोसच्या घोस.

"सोमवारी इतक्या नव्हत्या," सुचित्रा म्हणाली. "पोचला निरोप."

"जंतूनं चूक नाय केली म्हंजे."

"नाही केली."

काशी डोळा काढायला तयार नव्हती. "पिकलंय हो, ताई," ती म्हणाली. "सगलीकरं पिकलंय."

मार्चच्या शेवटी ती कुपी पुन्हा ट्रेमध्ये आली. साडेचारच्या उन्हात काशी उकिडवी बसली आणि तिने तळाच्या रेषेत आडवं पाहिलं. एकदा, मग फिरवून आणखी एकदा. आता खरंच काही नव्हतं. मग तिने ती तीनदा नळाच्या पाण्याने धुतली, तीनदा शुद्ध पाण्याने, आणि जाळीवर उपडी ठेवली.