चकाकीखालचा पाइप

फोटोताईचा स्टुडिओ छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली मशीन सुरू झालं की वर कॅमेऱ्याचा स्टँड थरथरायचा. म्हणून फोटो काढायच्या आधी ती जिन्यातून हाक द्यायची, "जरा थांबवा हो." छापखानेवाले बिचारे थांबवायचे. नाही थांबवलं तर ही खाली येऊन उभी राहते आणि हलत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. वयानं मोठी माणसंही तिला फोटोताईच म्हणत. ती फोटो काढायची, नवरा फ्रेमा बनवायचा, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं धंदा बंद करताना आपली लेन्स तिला विकली आणि सोबत फिल्टरचा एक डबाही देऊन टाकला. लेन्सच्या तोंडावर बसवायच्या गोल काचा त्यात होत्या. त्यातली एक तिनं वापरून वापरून झिजवली, कारण ती लावली की चेहरा मऊ यायचा आणि सुरकुत्या दिसेनाशा व्हायच्या. बाकीच्या काचा डब्यात तशाच पडून होत्या.

तिची थोरली बहीण, जिला ती नुसतं ताई म्हणायची, नदीकाठी लाँड्री चालवायची. पाणी नदीतूनच पंपानं यायचं. एकदा हॉस्पिटलच्या चादरी धुऊन निघाल्या त्या फिकट गुलाबी. पुन्हा धुतल्या, तर आणखी गुलाबी. मग हे अधूनमधून होऊच लागलं. ताईच्या हातांना खाज सुटली, कातडी सोलवटली, आणि हॉस्पिटलनं काम काढून घेतलं.

समोरच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, कापड रंगवायचा कारखाना होता. तिथला मॅनेजर म्हणाला, "आमचं सगळं पाणी आतल्या टाकीत जातं. तुमचेच नळ गंजले असतील."

पाणीखात्याचा अधिकारी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा नदी स्वच्छ. तो माणूस वाईट नव्हता. ताईचे हात बघून म्हणाला, "तुमची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण कारखान्याच्या नकाशात नदीकडे जाणारा एकही पाइप नाही. काही दाखवता येण्यासारखं असेल तर घेऊन या."

ताईनं हात टेकले. "जाऊ दे. दुसरीकडे जागा बघते."

"तू कुठं जाणार नाहीस," फोटोताई म्हणाली. "दाखवायला काहीतरी हवंय ना? मी फोटो आणते."

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दरवर्षी कारखान्याच्या कामगारांचा ग्रुप फोटो आपण काढतो. त्या सगळ्या फ्रेमा मी करतो. विचार केलास का?"

"केला," ती म्हणाली. त्यानं पुढची फ्रेम हातात घेतली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

ती काठावर जाऊन बसू लागली. अधिकारी येत नसला की कारखान्याच्या भिंतीपाशी पाण्याचा रंग बदलायचा, पण अगदी थोडाच. डोळ्यांना तो जाणवायचा. फोटोत मात्र सगळं आभाळच यायचं. ढग, उलटी भिंत, उलटी चिमणी. पाण्याच्या आत काय आहे याचा पत्ता नाही. तरी तिनं ते फोटो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले. मॅनेजरलाही बोलावलं होतं. त्यानं एकेक फोटो हातात धरून निवांत पाहिला.

"सुंदर आहेत," तो म्हणाला. "कॅलेंडरला चालतील."

फोटोताईचे कान लाल झाले. तिनं फोटो गोळा केले, नमस्कार केला आणि थेट स्टुडिओत येऊन डबा टेबलावर उपडा केला. एक काच इतरांसारखी नव्हती. करडी होती, आणि तिची बाहेरची कडी फिरायची. ही निळं आभाळ गडद करायला असते, एवढंच म्हातारा बोलला होता. तिनं ती डोळ्याला लावली आणि खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. दुकानाच्या काचेत रस्ता दिसत होता, सायकली, माणसं. तिनं कडी सावकाश फिरवली. रस्ता पुसट झाला, मग गेलाच, आणि आत मशीनवर डोकं टेकून गाढ झोपलेला शिंपी दिसला. पुन्हा फिरवली, रस्ता परत आला.

ती जिना दोन-दोन पायऱ्या उतरत नदीवर गेली. तिथं पोचून पाहते तर चकाकी जरा कमी झालेली, गेलेली नाही. ती उकिडवी बसली, उभी राहिली, दगडावर चढली. दगडावरून थोडं बरं दिसलं. म्हणजे पाण्याकडे सपाट बघून भागणार नव्हतं, वरून तिरपं बघायला हवं होतं.

"ताई, तुझ्या गच्चीवर चढायला शिडी आहे का?"

"आहे, पण ती शिडी माझ्यापेक्षा म्हातारी आहे."

ताईनं खालून शिडी धरली आणि बोलत राहिली: पडलीस तर तुझ्या नवऱ्याला मी तोंड दाखवणार नाही, तूच सांग काय सांगायचं ते. फोटोताईनं गच्चीच्या कोपऱ्यात स्टँड लावला, लेन्सवर ती काच चढवली आणि कडी फिरवली. आभाळ पाण्यावरून पुसलं गेलं. खाली गोटे दिसले, शेवाळ दिसलं, आणि भिंतीच्या पायातून निघून गोट्यांमध्ये शिरलेला एक जाड पाइप दिसला. गोट्यांच्याच रंगात रंगवलेला.

पहिले फोटो हलले, कारण काचेमुळं उजेड कमी पडत होता. मग वाऱ्यानं पाणी डहुळलं. मग सलग पावसाळी हवा. ती रोज यायची, ताई रोज शिडी धरायची. आता ताईची बडबड बंद झाली होती. उलट एखाद्या दिवशी उशीर झाला, तर तीच फोन करून विचारायची, "येतेस ना?"

शेवटी एका शांत सकाळी पाइपच्या तोंडातून जांभळट ढग बाहेर आला आणि पाण्याखालीच पसरत गेला. फोटोताईनं बटण दाबलं. मग कडी उलट फिरवून त्याच जागेवरून आभाळाचाही फोटो काढला. भिंतीवरची तडा गेलेली वीट दोन्हींत नीट दिसेल, एवढं पाहिलं.

अधिकाऱ्याच्या टेबलापाशी मॅनेजरनं या वेळी फोटो हातातही घेतले नाहीत. "कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करता येतं."

"खरं आहे," फोटोताई म्हणाली. मग अधिकाऱ्याकडे वळली. "साहेब, फोटो राहू देत. तुम्ही चला आणि स्वतः बघा. आत्ताच."

"आधी कळवल्याशिवाय असं..." मॅनेजर उठला.

"आपण समोरच्या गच्चीवर जातोय, तुमच्या कारखान्यात नाही," अधिकारी म्हणाला आणि त्यानं टोपी उचलली.

शिडी पाहून तो क्षणभर घुटमळला. ताईनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो चढला, धापा टाकत कोपऱ्यात आला; मागोमाग मॅनेजरही. फोटोताईनं नुसती काच त्याच्या हातात दिली. त्या वेळी पाइपमधून काहीच येत नव्हतं; नदी चकचकीत होती. त्यानं कडी फिरवली, थांबला, परत उलट फिरवली, पुन्हा पाहिलं. नंतर काच मॅनेजरपुढं धरली.

"हा पाइप नकाशात का नाही, ते मला लेखी हवंय," तो म्हणाला. मॅनेजरनं काच घेतली नाही. काम आहे म्हणत त्यानं काढता पाय घेतला.

पाइप बंद व्हायला पुढं बरेच महिने लागले. तारखा पडल्या, मोजण्या झाल्या. दर तारखेला फोटोताई स्टुडिओला कुलूप लावून हजर राहायची. कामगारांच्या फोटोचं काम अर्थातच गेलं, आणि नवऱ्यानं त्याबद्दल एकदाही टोमणा मारला नाही, हे ती आजही सांगते. हॉस्पिटल ताईकडे परत आलं नाही. पण दोन लॉजच्या चादरी आता तिच्याकडे येतात आणि पांढऱ्या होऊन जातात. तिचे हात बरे झालेत, फक्त बोटांच्या पेरांवर डाग राहिलेत.

परवा नदीच्या खालच्या अंगाची काही माणसं छापखान्याचा जिना चढून आली. त्यांच्याकडचे मासे मरत होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं अवघडत विचारलं, की बाई, तुम्ही पाण्याच्या आतलं दाखवता म्हणे. फोटोताईनं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या काठावर उंच जागा आहे का?" तिनं विचारलं.

नाही, सगळं सपाट आहे, ते म्हणाले.

"मग मचाण बांधावं लागेल. माणसं किती आहात?" असं म्हणून ती कागद-पेन्सिल शोधायला लागली.