टाचेचे दोन ठोके

येसूबाईचा गळा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक. खाडीच्या अलीकडे उभी राहून तिने हाक मारली, की पलीकडच्या होडीतून तिचा नवरा दिनानाथ हात हलवायचा, "आलो गं, गाव नको उठवू!" पहाटे एकवीरा आईला हात जोडायचे, मग बोंबील वाळत घालायचे आणि दिवसभर तोंडाचा पट्टा सोडायचा, असा बाईचा नेम. अशा बाईच्या पदरात देवाने नातू घातला, केतन. आणि त्याच्यापर्यंत आजीचा आवाज काही पोचत नव्हता.

हे तिला एकटीलाच माहीत होतं. शिमग्याला होळीपुढे ढोल घुमत होते, चौदा महिन्यांचं पोर तिच्या खांद्यावर झोपलेलं. अगदी कानाशी सुतळी बॉम्ब फुटला. येसूबाईचं काळीज लक्कन हललं, पोराची पापणीसुद्धा हलली नाही. तिने उभ्या जागी एकवीरा आईला नवस केला आणि घरात चकार शब्द काढला नाही.

तिच्या डोळ्यांपुढे सदा होता. तिचा पाठचा भाऊ, जन्माचा बहिरा. त्याचं नाव सदा होतं हे कित्येकांना त्याच्या मयतीत कळलं. तोवर तो नुसता 'मुका' होता. कोळंबी सोलायला मुका, टिंगल करायला मुका, पंगतीला मात्र कुणी मुक्याला बोलवायचं नाही.

होडीवर इंजिन धडधडत असलं की हाका चालत नाहीत. मागे सुकाणूवर बसलेला माणूस टाचेने फळीवर दोन ठोके देतो, पुढच्याच्या पायांना ते कळतात आणि तो वळतो. येसूबाईच्या अंगणात जुन्या होडीची फळी पडलेली होती. बोंबील वाळवताना ती केतनला त्या फळीवर बसवी, मागून "केतू!" अशी हाक मारी आणि सोबत टाच आपटी. पोर वळून खुदकन हसे. येणारीजाणारी म्हणत, "आजीचं वेड हाय पोराला!"

सून कल्पिता तेवढी म्हणायची, "आय, माझ्या हाकंला नाय वळत यो."

"तुझी हाक म्हंजे उंदराची शिंक. त्याला काय कलनार?" येसूबाई तिला उडवून लावी.

दिवाळी सरली आणि केतनला न्यूमोनिया झाला. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात त्याला ठेवलं. पाच दिवस सलाइन, वाफारे. सहाव्या दिवशी ताप उतरला तशी नूतनताई आली. मुलाची वाढ वयाप्रमाणे आहे की नाही हे तपासणं तिचं काम. तिच्या पिशवीत लाकडी ठोकळे, वाटी, आरसा, चेंडू आणि एक छोटी घंटा होती. "ताप असताना मूल खरं कळत नाही," ती म्हणाली, "म्हणून थांबले होते."

लोखंडी खाटेवर केतन बसला. त्याने सहा ठोकळ्यांचा मनोरा रचला. चुरमुरा दोन बोटांच्या चिमटीत अचूक धरला. चेंडू चादरीखाली लपवला तर चादर उचलून काढला. कल्पिताच्या तोंडावर सहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"शब्द किती बोलतो?"

"आय बोलतं, बा बोलतं," येसूबाईने ठोकून दिलं. कल्पिताने चमकून तिच्याकडे पाहिलं.

नूतनताईने केतनच्या पाठीमागे जाऊन घंटा वाजवली. येसूबाईच्या टाचेने खाटेच्या पायाला दोन ठोके दिले. केतन वळला. दुसऱ्या बाजूने वाजवली, पुन्हा टाच, पुन्हा वळला. ताईने कागदावर खूण केली.

"हुशार आहे. शब्द कमी आहेत, पण आवाजाला छान वळतो. सहा महिन्यांनी परत दाखवा."

येसूबाईने मनातल्या मनात एकवीरा आईची ओटी भरली. मग तिची जीभ नको तिथे चालली. "नसता वळला तर गो बाय?"

"तर आजच मुंबईला पाठवलं असतं. कानाला यंत्र जितकं लवकर लागेल तितकी वाचा येते. या वयात एकेक महिना मोलाचा, आजी. गेलेला परत मिळत नाही."

ताई पिशवी आवरून पुढच्या खाटेकडे निघाली. येसूबाईने शिमग्यापासूनचे महिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच मूठ मिटली.

"बाय, परत वाजव ती घंटा. मी लांब उभी राहतंय."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. नूतनताईने घंटा वाजवली. मग वाटीवर चमचा वाजवला, मग टाळ्या वाजवल्या, अगदी कानामागे. केतन ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला.

ताईने आधीची खूण खोडली, दुसरा कागद काढला. "ऐकू येत नाही, हे घरात पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"आताच," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज खरंच उंदराच्या शिंकेएवढा झाला होता.

"शिमग्याला," भिंतीकडून येसूबाई म्हणाली. "मना म्हायती होता."

लिहिणारं पेन थांबलं.

"आठ महिने, आय?" कल्पिता म्हणाली. "आठ महिने मना उंदीर म्हनलात."

"मुका म्हनतील गो त्याला. सदाला म्हनत तसा."

"आता काय म्हनतील मग?"

कल्पिताने केतनला उचललं आणि वॉर्डाच्या टोकाला खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. येसूबाईची टाच सवयीने उचलली गेली. पण मधे सगळी फरशीच होती, फळी नव्हती.

"केतूऽऽ!"

खाडीपलीकडे जाणारा तो गळा. तीन खाटांवरची पोरं दचकून रडायला लागली. सिस्टर धावत आली, "आजी, ओरडू नका! दवाखाना आहे हा!"

आईच्या खांद्यावर मान टाकून केतन खिडकीबाहेर माडावरचा कावळा बघत होता.